सुपातला नवरदेव

कार्तिकातली सकाळ होती. मोहबोडीच्या तलावावर धुकं इतकं दाट उतरलं होतं, की या पाळीवरून पलीकडची पाळ दिसत नव्हती. काठापर्यंत शिंगाड्याचे हिरवेगार वेल पसरले होते, आणि त्या वेलांत गुडघाभर पाण्यात उभी राहून एक पोरगी भराभर शिंगाडे तोडत होती. तोडायची, ओच्यात टाकायची... मधूनच एखादा दातांनी सोलून तोंडात टाकायची.

"पोटभर तोडा," धुक्यातून आवाज आला. "मालकासाठी दोन-चार राह्यले तरी चालन."

ती दचकली. वेल बाजूला सारत एक डोंगा हळूच पुढे आला. डोंग्यात एक उंच, सावळा जवान गडी. ओठ मिटलेले, पण डोळे सरळ सरळ हसत होते.

"कोन मालक?" तिनं ओचा घट्ट धरला.

"मी."

"तलाव आमच्या गावचा हाये."

"तलाव गावचा असन. वेल माह्या मामानं इथी येऊन ठेक्यानं लावले पावसाळ्यात. तोडाले मी आलो काल."

मालगुजारांची जमीनदारी नुकतीच गेली होती. तलाव कोणाचा, मासळी कोणाची, यावर चांदा जिल्ह्यात गावोगाव वाद चालले होते, त्यामुळे भांडायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण त्यानं मध्येच विचारलं, "चोराचं नाव तरी समजू दे."

ती क्षणभर घुटमळली.

"रंभा," ती म्हणाली.

"रंभा..." त्यानं ते नाव सावकाश उच्चारलं. "शोभते."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तेवढ्यात पाळीवरून तिची मैत्रीण मंगली बोंबलली, "कवडे! अवं ए कवडे! तुही माय कवाची हाका मारून राह्यली!"

आता मात्र तो मोठ्यानं हसला. "अन् रंभा कुठी गेली?"

"बुडाली," ती म्हणाली, आणि पाणी उडवत तरातरा काठाला लागली. शिंगाडे मात्र तिनं परत टाकले नाहीत.

कवडी. या नावाचा तिला मनस्वी राग होता. शाळेत गेली तेवढे दिवस पोरांनी तिला 'कवडीमोल' म्हणून रडवलं होतं. नव्या माणसानं नाव विचारलं की तिच्या तोंडून रंभा, इंदू, कमळा, वाटेल ते निघायचं.

तिचा बाप मनसाराम ढिवर होता. तलावात जाळं टाकायचा, थोडं धान करायचा. त्याच्या अंगणातली चूल मोठी, म्हणून शिंगाडे उकडायला त्यानं त्या पाहुण्या पोराला आपलं अंगण दिलं. दोन दिवसांनी कवडी घागर घेऊन आली तर चुलीपाशी तोच! टोपल्या उतरवत होता.

"माहं नाव नाई इचारलं तू," तो म्हणाला.

"गरज नाई पडली."

"लटारू."

तिनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. बोटाच्या पेरापेक्षा लांब एक केस नव्हता. तिला हसू आवरेना. "लटा कुठी ठेवून आला गा?"

"महादेवापाशी. मायनं नवस बोलला होता. पोरगा झाला तर तो पायानं चालत मार्कंड्याले येईन तवाच केस काढीन म्हने. कमरेपर्यंत लटा होत्या माह्या! पाहुने 'मोठी गोड पोरगी' म्हनून मांडीवर घेत. मग जत्रेत केस काढले, अन् मी न्हाव्याच्या मागं रडत धावलो... आन माहे केस, आन माहे केस!" तो हसला. "केस गेले, नाव राह्यलं. आता तुहं सांग."

ती चुलीपाशी बसली. शिंगाडा सोलत म्हणाली, "आमच्या गावात नाव ऐकलं का हकिकत समजते. मंगली मंगळवारची. तिचा भाऊ बजारू... माय सिंदेवाहीच्या बाजारात गेली होती, तिथीच झाला. दुष्काळात झाला तो दुकालू."

"अन् कवडी?"

तिनं आईकडे पाहिलं. कुंता परसात लाकडं फोडत होती. कवडीनं आवाज खाली आणला.

"माह्याआधी दोघं झाले. राजाराम अन् सोनाबाई. नावं पाय कशी लाडाची! दोघं बी गेले, पाळन्यातच. मग मी झाली तवा मायनं ठरवलं, हे पोरगी माही नाईच. बारशाच्या दिवशी मले सुपात टाकलं अन् एका बाईले इकलं. एका कवडीले. म्हनजे मरन दारात आलं, इचारलं, कुंताचं लेकरू कोनतं... तर लोक म्हनतीन, कुंताले लेकरू नाई. हे तर इकलेलं, दुसऱ्याचं."

"अन् तू वाचली."

"वाचली. पन..." ती थांबली. सालाचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. "माय मले चारचौघांत जवळ नाई घेत. कधी 'माही बाई' म्हनत नाई. एकदा मले ताप आला, लई जोराचा. तर ती दारात बसून मोठ्यानं म्हने, कोनाची पोरगी हाये हे, माह्या घरात काऊन झोपली... असं म्हने, अन् रडे. म्हने, अन् रडे."

लाकडं फोडायचा आवाज तेवढा येत राहिला. लटारूनं चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं.

"मरनाले फसवनारं नाव हाये हे," तो शेवटी म्हणाला. "अन् तू लपवते? मी असतो तर गावभर सांगत फिरलो असतो."

असं तिला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं. तिनं मान खाली घातली, आणि सोललेला शिंगाडा नकळत त्याच्या पुढ्यात ठेवला.

मग अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला. धान कापून खळ्यावर आलं, तलावावरची सकाळ आणखी गार झाली. शिंगाड्याचे काटे लटारूच्या बोटांत रुतायचे, आणि ते काढून घ्यायला त्याला मोहबोडीत दुसरं माणूस सापडत नसे. ती बाभळीचा काटा घेऊन त्याचा हात मांडीवर ठेवायची...

"हलू नको."

"दुखते."

"मी तर अजून लावलाच नाई काटा!"

"म्हनूनच दुखते," तो म्हणायचा, आणि ती खरोखरच काटा टोचायची.

नाव तेच होतं, पण त्याच्या तोंडून ते निराळं लागे. 'कवडे...' अशी त्यानं पाळीवरून हाक मारली की तिला वाटे, नाव ठेवणाऱ्यानं ते असंच म्हणायला ठेवलं असावं.

वेल पिवळे पडले. शेवटची टोपली भरली, त्या दिवशी तो म्हणाला, "मायले घेऊन येतो."

"कायले?"

"तुले मागाले."

"मी का इकाऊ हाये?" तिनं मान उडवली.

"एकदा इकून झाली ना. आता फुकटच द्या म्हनन मनसारामभाऊले."

ती हसत पळाली. पण घराच्या आड गेल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली, छातीवर हात ठेवून, किती तरी वेळ.

लटारूची आई गिरजा पौष सरल्यावर आली. छोट्या रुळांच्या आगगाडीनं नागभीडपर्यंत, तिथून बैलांच्या बंडीनं. अंगानं स्थूल, आवाजानं मोठी, नवऱ्यामागं पोराला एकटीनं वाढवलेली बाई. बंडीतून उतरताच तिनं घर पाहिलं, गोठा पाहिला, आणि पाय धुवायला पाणी घेऊन आलेल्या कुंताकडे पाहून ती जागच्या जागी थबकली.

"कुंता? तू कुंता ना वं? वडाखालच्या घरची?"

कुंताच्या हातातला तांब्या कलंडला. "गिरजा...!"

दोघी गळ्यात पडल्या. वैनगंगेच्या काठी कुंताचं माहेर होतं, आणि गिरजा तिथं शेजारच्या घरात राहायची. पुढे नदीला महापूर आला, ते गाव उठलं, माणसं वाट फुटेल तिकडे गेली. कोण कुठं राहिलं, कोणाला कळलं नव्हतं. लटारू आणि कवडी ही नावं तर त्या मुलखात गावोगाव सापडायची, म्हणून नावांवरूनही कोणाला काही सुचलं नव्हतं.

"अन् माही पोरगी?" गिरजानं डोळे पुसत विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "हाये ना? माही पोरगी... हाये ना वं?"

कुंतानं दाराआडून कवडीला पुढं ओढलं. "हे पाय. तुहीच."

तेव्हा कवडीला उमगलं, सुपातून आपल्याला उचलून घेणारी बाई हीच. गिरजानं तिला छातीशी धरलं, गालावरून हात फिरवले, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "माही बाई! माही सोन्याची पुतळी! दर नागपंचमीले तुह्या नावानं दूध ठेवते वं मी... जीती असशीन का नाई, काई ठाव नाई, तरी ठेवते!" चारचौघांसमोर इतकं प्रेम कवडीनं कधी अनुभवलं नव्हतं.

लटारू खुशीत होता. "वा! मग तर काम सोपंच झालं."

गिरजाचे हात कवडीच्या केसांवर थांबले. तिनं एकदा पोराकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. "हेच का ते? ज्या पोरीचं तू... अरे बापा! लटारू, हे तर तुही बहीन!"

बंडीचे बैल तेवढे घंटा वाजवत कडबा खात होते.

मनसारामचा मोठा भाऊ डोमा हा जातीतला पंच. त्याला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मान हलवली. "इकलेलं लेकरू घेनाराचं. तसं मानलं म्हनून तर पोरगी जगली. आता घेनाराच्या पोराशी लगन कसं लावाचं?"

"मग सौदा मोडा!" लटारू म्हणाला. "एका कवडीचा तर सौदा. मायनं पोरगी परत द्यावी, कुंताबाईनं कवडी परत द्यावी. झालं."

"नाई!" कुंता ओरडली. "परत दिली तर ते माही होते. अन् माही झाली का..."

"अवं बाई, ते जुन्या काळचं..."

"गप राय, लटारू," कवडी म्हणाली.

ती आईच्या हातांकडे पाहत होती. त्या हातांनी ओसरीचा खांब घट्ट धरला होता. कवडीला फसून मरण परत गेलं की गेलं नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. पण आई त्याच भरवशावर आजवर रात्रीची झोपू शकली होती, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"सौदा मोडाचा नाई," ती म्हणाली.

लटारूनं तिच्याकडे पाहिलं... रागानं नाही, पण असं, की तिला ते बघवेना. मग तो उठला आणि तलावाकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकांना परत जायचं होतं. गिरजा गाठोडं बांधून ओसरीवर बसली होती, डोळे सुजलेले. लटारू डोंगा ओढून ठेवायला पाळीवर गेला होता. आणि कवडी परसात बसून कांडलेलं धान पाखडत होती, कारण हाताला काही काम नसतं तर ती रडली असती. सूप वर जाई, खाली येई. कोंडा उडे, तांदूळ राही. ती आपल्याशीच बोलत होती... सौदा मोडायचा नाही. आईसाठी नाही मोडायचा. मी गिरजाची, तोही गिरजाचा. मी गिरजाची... तो...

सूप हवेतच थांबलं.

ती तशीच सूप घेऊन ओसरीवर धावली. "माय," ती गिरजाला म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. "मी तुही ना?"

"तुह्यासारखी पोरगी माही नाई तर कोनाची वं?"

"मले परत नको देऊ मग. माह्या मायले तुहा पोरगा इक!"

कुंता दारात येऊन उभी राहिली. डोमाभाऊ पान लावत होता, तो बोटांवर हिशेब करू लागला. "थांबा, थांबा... म्हनजे हे पोरगी गिरजाची. पोरगा कुंताचा. सौदा मोडला नाई, वरून दुसरा झाला. मग हे दोघं... भाऊ-बहीन कायचे?" आणि त्याला असं हसू फुटलं, की पान बाजूला ठेवावं लागलं.

"कुंता," गिरजा हळूच म्हणाली, "तुले भेव नाई ना यात?"

कुंतानं कवडीच्या हातातल्या सुपाकडे पाहिलं. "पोरगी तुहीच राह्यते ना?"

"माहीच. मरेपर्यंत माहीच."

"मग आन तुहा पोट्टा," कुंता म्हणाली.

कवडी पाळीवर पोचली तेव्हा लटारू डोंग्याला दोर बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"चाल," ती धापा टाकत म्हणाली. "तुले इकाचं हाये."

"मले?"

"हो. माह्या मायले."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या सुपाकडे. समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा दोर त्याच्या हातातून सुटला आणि डोंगा निघाला तलावात. कोणालाच त्याची पर्वा नव्हती.

"भाव का लागला?" त्यानं विचारलं.

"अजून ठरला नाई. जास्त येनार नाई," ती म्हणाली.

गावातलं सगळ्यात मोठं सूप आणलं. पण वीस-बावीस वर्षांचा गडी सुपात मावणार कसा? लटारूनं एक पाय सुपात ठेवला, दुसरा बाहेर, आणि तोल सांभाळायला डोमाभाऊचा खांदा धरला. सगळं गाव अंगणात लोटलं होतं.

"बोल, का देते?" गिरजानं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"का देऊ?" कुंताही आता रंगात आली. तिनं लटारूभोवती फेरी मारली. "काळा हाये. हाडकुळा हाये. डोक्यावर केस बी नाई. एक शिंगाडा देते."

"एक शिंगाडा? अवं, खाऊ-पिऊ घालून एवढा मोठा केला!"

"मग ने परत."

"नाई, नाई, घ्या!" लटारू सुपातूनच ओरडला. "एका शिंगाड्यात घ्या मले!"

सौदा झाला. गिरजानं तो शिंगाडा तिथंच सोलला आणि खाऊन टाकला, कोणी मोडायला येऊ नये म्हणून. खाता खाता मात्र तिनं लटारूकडे पाहिलं. एकुलता एक पोरगा होता. कवडीनं तिचा हात हातात घेतला. "मी हावो ना, माय." गिरजानं मान हलवली, आणि पदरानं तोंड पुसलं. त्याच दुपारी बंडी निघाली, पण बंडीत आता लटारू नव्हता. तो कुंताच्या अंगणात उभा होता, आणि गिरजाच्या शेजारी बसून कवडी आपल्या 'माहेरी' निघाली होती.

फागुनात लग्न लागलं. असं लग्न त्या मुलखानं पाहिलं नव्हतं. वरात निघाली ती मोहबोडीहून, मनसाराम वरबाप. पोचली ती वैनगंगेच्या काठी, गिरजाच्या नव्या गावी, आणि तिथं गिरजानं पोरीची आई होऊन असं रडून घेतलं, की लोकांना वाटावं, पोर तिच्याच पोटची. नवरी ज्या घरातून गेली होती, त्याच घरात सून होऊन परत आली. लटारू मोहबोडीच्या तलावातच शिंगाडा लावणार होता, आणि गिरजाही पावसाळ्याआधी तिथंच राहायला येणार होती. पळस फुलले होते. मोहाचा वास सगळ्या गावात भरून होता.

उंबऱ्यावरचं माप ओलांडून कवडी आत आली. हा उंबरा तिनं हजारदा ओलांडला होता, आज पाय अडखळला. देवापुढं ताटात तांदूळ पसरले होते. सुनेचं नाव बदलायचं, ते सासूनं सांगायचं. बायका वाट पाहत होत्या. मंगली कुजबुजली, "सांगा ना काकू, का नाव ठेवता?"

कुंता तांदळाकडे पाहत राहिली. मग ती पुढं आली आणि सगळ्यांच्या देखत तिनं कवडीच्या केसांवर हात ठेवला. तो हात हलका होता, सवय नसलेला, कुठं थांबावं हे न समजणारा.

"पुनव," ती म्हणाली.

कवडीनं वर पाहिलं.

"तू झाली त्या दिवशी पुनव होती. चांदनं पार खाटेवर आलं होतं. तवाच मनात आलं होतं हे नाव... पन तोंडातून नाई काढलं मी. कोनापाशीच नाई काढलं."

"हळू बोल, माय," कवडी घाबरून म्हणाली. "कोनी ऐकन."

"ऐकू दे," कुंता म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "सून हाये तू माही. गिरजाची लेक. सुनेचे लाड केले तर कोनाची नजर लागते वं?"

संध्याकाळी पाहुणे पांगले. अंगणात लटारू खाट टाकून बसला होता. ती बाहेर आली तसा तो सरकला, तिच्यापुरती जागा करून दिली. ती थोडं अंतर ठेवून बसली... मग फारसं अंतर राहिलं नाही.

"पंचाईत झाली," तो म्हणाला. "आता मी तुले का म्हनू? पुनव का कवडी?"

"तुले आवडन ते म्हन."

"मले..." तो अडखळला. "मले तर तू आवडते."

त्याचा हात तिनं आपल्या हातात घेतला. आज त्यात एकही काटा नव्हता, तरी घेतला.

तेवढ्यात आतून हाक आली. मोठ्यानं, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी.

"पुनव! ए पुनवबाई!"

"का वं, माय?"

"काई नाई वं," कुंता म्हणाली. "नुसतीच हाक मारली."